दोनशे सत्तावन्नाव्या पानापुढे

॥ ॐ नमः शिवाय ॥
माजलगाव, दि. २८ जुलै २०२५

चि. शिवगंगा हिस गुरुलिंगआप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. धरणात पाणी आलंय, तुझ्या मोठ्या आईचा गुडघा कुरकुरतोय, दुकानात दुपारी माशासुद्धा डुलक्या घेतात. आता मुद्द्याचं. तू केदारनाथला नाही म्हणालीस, असा तुझ्या वडिलांचा फोन आला. मी तुझा सख्खा चुलता, स्थळ मीच सुचवलेलं, म्हणून कारण विचारलं. तर म्हणाले, कादंबरी.

पोरी, माझ्या बहात्तर वर्षांत मुलगा रंगावरून नाकारलेला पाहिला, नोकरीवरून पाहिला, एकदा तर नुसत्या चालण्यावरून पाहिला. कादंबरीवरून हा पहिलाच. मी तडक जनावरांच्या दवाखान्यात जाऊन त्याला गाठलं. एका गाईला तपासत कोपरापर्यंत हात घालून उभा होता, तसाच बोलला. म्हणाला, पाहण्याच्या वेळी चहा पिताना त्यांनी विचारलं ‘निर्वातातली उतरंड’ वाचली का, तर मी बोलून गेलो की ती गाभण म्हणून वर्षभर पोसलेल्या म्हशीसारखी आहे, तपासली तर आत नुसता वारा. ढोरांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार?

मुलगा गुणी आहे म्हणून जीव तुटतो. मी चौथी पास, पुड्या बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकलेला. पण तू ते पुस्तक धाड. वाचतो आणि कोण खरं ते सांगतो. माया आहे ती अशीच उतू जाऊ दे.

तुझा,
गुरुलिंगआप्पा


पुणे, दि. २ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गाईचं वर्णन इतकं सविस्तर नसतं तरी चाललं असतं. सोबत माझी स्वतःची प्रत पाठवते आहे. जुनी आहे, जपा. पहिलं वाक्य अकरा पानांचं आहे, घाबरू नका. माणसाचं दुःख थांबत नाही म्हणून ते वाक्य थांबत नाही, असं मी एम.ए.च्या मुलांना सांगते.

मला राग म्हशीचा आलेला नाही. जो माणूस न समजलेल्या गोष्टीला वारा म्हणून मोकळा होतो, त्याच्याबरोबर जन्म कसा काढायचा? उद्या मलाही म्हणेल. तरी तुमचा शब्द मोडवत नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचा. तुम्हीही वारा म्हणालात, तर मी त्यांना पुन्हा भेटेन. नाही म्हणालात, तर हा विषय संपला.

मोठ्या आईला नमस्कार. रागवा, पण दूर लोटू नका.

आपली,
शिवगंगा


॥ ॐ नमः शिवाय ॥
माजलगाव, दि. २३ ऑगस्ट २०२५

चि. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद.

काल पोळा झाला, आज समाप्ती. समाप्ती कावून म्हणतो ते ऐक. तुझं पुस्तक आलं ते खाकी कव्हरात, विटेएवढं जाड. मोठ्या आईला वाटलं, श्रावणातली पोथीच मागवली. मी मोंढ्यातून येईपर्यंत तिने दुकानाच्या ओट्यावर पाट मांडून पुस्तकाला विभूती लावलेली, शेजारची भिवराबाई नारळ घेऊन बसलेली. लावलेली पोथी अर्धवट सोडत नाहीत हे तुला ठाऊकच. वाचणारा मी, अर्थ सांगणारी मोठी आई. अकरा पानांच्या वाक्यात मला धाप लागली. मोठ्या आईने अर्थ सांगितला की हा बाप्या सकाळपासून खाटेवरून उठलेला नाही आणि घरात कुणी त्याला उठवतही नाही. भिवराबाई म्हणाली, लई खरं हाय, आमच्यात बी तसंच.

चौथ्या दिवशी घसा बसला, मग केदारनाथला बोलावलं. माझा मतलब होताच, लपवत नाही. तो रोज दुपारी दोन तास येऊन वाचायचा. आपण आधी चाळीसच पानं वाचली होती आणि चहाच्या वेळी ऐटीत बोलून गेलो, हे त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं.

मग दोनशे सत्तावन्नावं पान आलं. तिथून पुढची पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. कुणाचं बोटही तिथं गेलेलं नाही. पोरी, प्रत तुझी. मला वाटलं, आता हा हसणार. तो म्हणाला, मॅडमनी दुसऱ्या प्रतीतून वाचलं असेल. मग आपल्या औषधांच्या पेटीतला चाकू काढून पुसला आणि एकेक पान असं सोडवलं की कुठं कड फाटली नाही.

आता निकाल. निम्मं पुस्तक भूस आहे, हे मी शपथेवर सांगेन. पण तीनशे एकोणनव्वदाव्या पानावर कादंबरीतला एक म्हातारा दुकानदार दुकान कायमचं बंद करतो, आणि वजनं कुणाला द्यावी कळेना म्हणून एकेक वजन शेजाऱ्यांच्या दारात ठेवत जातो. छटाक उरतो, तो खिशात टाकतो. ते पान केदारनाथने आपणहून दुसऱ्यांदा वाचलं. मोठी आई म्हणाली, ह्याला अर्थ नको. माझं तर विचारूच नको. वाचून झाल्यावर तो म्हणाला, बाकीच्याबद्दल माझं मत तेच आहे, पण या पानाला वारा म्हणायचा मला हक्क नव्हता.

तेव्हा वारा न्हाई. तुझ्या अटीप्रमाणे तू जिंकलीस, भेटायचं बंधन नाही. जोडलेल्या पानांचं मी तुझ्या वडिलांना बोललेलो नाही, बोलणारही नाही. प्रसादाचा शिरा राहिलाय, तू असतीस तर संपला असता. आप्पावर राग धरू नकोस.

तुझा,
गुरुलिंगआप्पा


पुणे, दि. ३१ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या प्रतीतून वाचलं नव्हतं. दोनशे पानांपुढचा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही, म्हणून चार वर्षं निभावलं. तुमचं पत्र वाचून लाजेने कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत काढली, तर तिचीही पुढची पानं जोडलेलीच. फूटपट्टीने सोडवली, कडा फाटल्या. पाच दिवसांत शेवटपर्यंत वाचली. वर्गातही खरं सांगून टाकलं. मागून एक मुलगी म्हणाली, मॅडम, आम्ही तर पन्नासच वाचलीत. दुपारी आमच्या विभागप्रमुखांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, शेवटी होतं काय?

तुमच्या डॉक्टरांना मी आपणहून फोन केला. जोडलेल्या पानांबद्दल हसला का नाहीत, असं विचारलं. म्हणाले, माझी तर चाळीसच झाली होती, तुमची दोनशे छप्पन्न. मग कादंबरीवरून पाऊण तास भांडलो. मी म्हणते थोर, ते म्हणतात एकच पान थोर. दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही, आणि फोन ठेवायलाही कुणी तयार नव्हतं.

बाबांना बोलणी करायला सांगा. तारीख दिवाळीनंतरची धरा, कारण डॉक्टर आता माझ्यासाठी सगळी कादंबरी पहिल्यापासून वाचणार आहेत. आणि त्यांना बजावा की लग्नाला हो म्हटलंय, त्यांच्या मताला नाही.

तुमची माया आहे म्हणूनच एवढं लिहिता आलं, ती आटू देऊ नका.

आपली,
शिवगंगा