ढिम्म खर्चाचं गणित

५ जून २०२५
आकडे उलटे आले! सात वर्षं छातीठोकपणे सांगत होते — ज्या कंपनीचा खर्च विक्रीबरोबर खाली-वर होतो, तिचा शेअर जास्त परतावा देणार. दोनशे बारा कंपन्या, दहा वर्षं. निघालं काय? ज्यांचा खर्च ढिम्म हलत नाही त्यांचेच शेअर पुढे! पीएच.डी. गेली नीरा नदीत.

६ जून
गाईडचा फोन. "शैलजा, आकडे बरोबर आहेत. तुझं गृहीतक चुकलं." किती आनंदानं सांगावं माणसानं!

८ जून
पासलीला गावी गेले. आबांना सगळं रडगाणं ऐकवलं. ते गुरांचं दावं वळत बसले होते.
"त्यात उलटं काय? ज्येचा खर्च हलत न्हाई त्यो वाईट साली पार झोपतो. त्याच्यात पैसं घालाया लई छाती लागती. मग चार पैसं जास्त मागनारच की मानूस!"
सात वर्षं, दोन लॅपटॉप, एक मानदुखी. आणि म्हातारा दावं वळता वळता निष्कर्ष सांगून मोकळा. आता प्रबंधात आभार मानणं आलं.

१६ जून
प्राचार्यांनी बोलावलं. यंदा प्रवेश घटलेत. संस्थेच्या खर्चावर अहवाल हवाय — "मॅडम, तुमचा विषयच हा." मग आवाज खाली आणून : वाणिज्यची एक कायम जागा भरणार आहेत.
कायम! नऊ वर्षं तासावर शिकवतेय मी. तास झाला तर पैसे, मुलं सहलीला गेली तर नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तर मी अस्तित्वातच नसते.

१७ जून
मितालीला अहवालाचं सांगितलं, जागेचं नाही. तीही तासावरच. मार्गासनीहून स्कूटीवर येते आणि माझा अर्धा डबा खाते. चेष्टा करायची असली की मुद्दाम गावाकडचं बोलते — "ताई, लिवा की, आमी पन मानसंच हाय!"
म्हटलं, अहवालात असलं लिहीत नाहीत गं.

२२ जून
अहवाल झाला. तक्ता काय देखणा आलाय! इमारत, वीज, कायम पगार — काही हलत नाही. हलवता येतात ते फक्त तास. "दोन्ही तुकड्या एकत्र केल्यास तोटा आटोक्यात राहील." चोख वाक्य.
अ तुकडी माझी, ब मितालीची. कोणाचे तास जावेत ते लिहिलेलं नाही. जागा एकीलाच मिळणार, आणि अहवाल माझा आहे. तरी खोटं कुठं आहे त्यात? एकही आकडा खोटा नाही.

२४ जून
"ताई, काय लिहिलंत शेवटी?"
"आकडे."
आजही डबा अर्धाच दिला. शेंगदाण्याची चटणी मात्र सगळीच देऊन टाकली.

३० जून
मुलाखत. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "असा अहवाल आयुष्यात वाचला नव्हता." अध्यक्षांनी आयुष्यात काहीच वाचलेलं नाही, सगळ्या भोरला माहीत आहे. पण बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

४ जुलै
मिळाली!!! आबांना फोन केला. "मग आता वाईट साल आलं तरी तुला कोन हात लावत न्हाई," म्हणाले. पेढे भोरचेच आणायचे, एवढी अट. मितालीला फोन करायचा होता. उद्या करते.

५ जुलै
नाही केला.

७ जुलै
रुजू झाले. पहिला तास, दोन्ही तुकड्या एकाच वर्गात, बाकावर चार-चार जण. ब तुकडीतल्या वैष्णवीनं हात वर केला. "मॅडम, मिताली मॅडम कवा येनार?"
लाज वाटली. म्हणाले, पुस्तकं काढा.