अम्मीचं गाणं इंटरनेटवर ठेवलं त्याची हकिकत

भांडगाव, मार्च २००७

प्रिय फिरोज,

“राबे, आपली बिर्याणीची देग मामूच्या घरी ठिवू नगं, नेमकी लागंल तवा त्याच्या दाराला कुलूप असतंय,” असं अम्मी एकदा म्हणाली होती. काल मला ते फार आठवलं. असो. सलाम. तुझी पाठ बरी असेल, दुल्हन आणि मुलं खुशाल असतील. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

गुरुवारी माझ्या मेहकची हळद. त्यात अम्मीचं हळदीचं गाणं लावायचं, हे तिनं साखरपुड्यापासून धरून ठेवलंय. (अम्मी गेली तेव्हा मेहक पाळण्यात होती. त्या आवाजाशिवाय तिच्याकडे आजीचं काही नाही.) तिच्या आवाजाची ती कॅसेट मी ट्रंकेत जपली होती. तू आलास, गाणं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घेतलंस, मग “आपा, घरचा कॉम्प्युटर बिघडतो, इंटरनेट बिघडत नाही” म्हणत कुठल्याशा कंपनीच्या फुकटच्या कपाटात चढवलंस आणि कॉम्प्युटर हलका व्हावा म्हणून घरातलं पुसलंस. बुरशी लागलेली कॅसेट मी टाकून दिली. (तुझ्याच सांगण्यावरून.)

काल यवतला जालिंदरच्या नेट कॅफेत गेले. वीज नव्हती. वीज आली तर लाईन नव्हती, हायवेवाल्यांनी खोदताना केबल तोडलेली. लाईन जोडली तोवर पुन्हा वीज गेली. शेवटी एकदाचं ते कपाट उघडलं, तर आत काही नाही! जालिंदरनं इंग्रजी वाचलं, डोकं खाजवलं. “मावशी, कंपनी म्हनती, तुमी वरीसभर फिरकला न्हाई, म्हून सामान काढलं.”

“अरे, मी जपत होते!”

“जपायचं नव्हतं वो, अधनंमधनं उघडायचं हुतं.”

आता तूच सांग, आपल्याकडे चांगली वस्तू कोण सारखी उघडतं? निकाहचा शालू मी त्या दिवसानंतर पुन्हा उलगडून पाहिलेला नाही. तसंच हेही. पासवर्ड मी मेहकलासुद्धा सांगितला नाही, उगीच ऐकून ऐकून झिजवेल म्हणून! आणि कंपनीला वाटलं, या बाईला नकोच आहे.

परतताना बसमध्ये गाणं गुणगुणून पाहिलं. पहिलं कडवं आलं, दुसऱ्यात अडकले. घरी आले तर मेहक ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसलेली. तिला अजून काही बोलले नाही.

तुझी वैतागलेली,
राबियाआपा

ता. क. कंपनीला खरमरीत लिही. जालिंदर म्हणतो, उत्तर येत नसतं.

आणखी एक. लहानपणी तू बायकांच्या घोळक्यात अम्मीला चिकटून बसायचास आणि ती अडखळली की पुढची ओळ तूच सांगायचास. तुला ते गाणं अख्खं येतं. गुरुवारी ये आणि म्हण. तू नाही म्हणणार, मला ठाऊक आहे. मिशीवाला माणूस बायकांच्या हळदीत गात नाही. तरी ये. मी पडदा बांधून देते, त्याच्यामागे बसून म्हण.