मागच्या गेटचा न कापलेला फोटो

मी, उज्ज्वला योगराज सैंदाणे, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार बमरोली, सुरत, धंदा साड्यांच्या मार्केटमधल्या एका पेढीत कॉम्प्युटरचे काम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलेले धोके मला समजले आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तो गप्प राहण्याचा, लिहिण्याचा नव्हे. त्याचा खुलासा कलम सातमध्ये केला आहे.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे समजावे. भाषेत चूक आढळल्यास ती माझी. याच दुखण्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. वडिलांनी, कै. योगराज धुडकू सैंदाणे यांनी, मला मराठी घरीच शिकवले. ते पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या मिलमध्ये, पाळी करून यायचे आणि निळ्या पडलेल्या बोटांनी पाटीवर अक्षरे काढून द्यायचे. शुद्धलेखनापेक्षा त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर असे. पाहिले नसेल ते लिहायचे नाही.

२. राहते घर आईच्या, श्रीमती उषाबाई यांच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क नाही व मी तो सांगत नाही. बँकेत जे असेल ते ऑपरेशनच्या खर्चानंतर आईचे. माझी मोपेड आईला चालवता येत नाही, तरी तिच्याच नावावर करावी. कोणाला वापरायला द्यायची ते तिने ठरवावे.

३. तिपाई, फ्लॅश आणि खांद्याची पिशवी माझी मैत्रीण चैताली हिला. तिला फोटोग्राफी येत नाही, पण माझ्यासाठी उकाईच्या धरणावर चार तास उन्हात छत्री धरून उभी राहिलेली ती एकटीच आहे. धरणाचे दरवाजे त्या दिवशी उघडलेच नाहीत.

४. लांब पल्ल्याची लेन्स कोणालाही देऊ नये. तिच्यात बुरशी आहे. उधन्याच्या ज्या स्टुडिओवाल्याने 'एकदम नवी छे, बेन' म्हणून ती मला विकली, त्याला माझ्या मृत्यूनंतर ती परत नेऊन द्यावी. पैसे मागू नयेत. फक्त काउंटरवर ठेवून यावे.

५. घरातल्या डिस्कवर नऊ वर्षांचे फोटो आहेत. रविवार आणि सुट्टीचे दिवस असे त्यांचे कप्पे केले आहेत. डुमसची ओहोटी, खाडीच्या काठी वाळत घातलेले रंगीत कापड, बारडोलीकडचे उसाचे गाडे, पाळी सुटल्यावर नळावर हात धुणारे लोक. मला लांबचा प्रवास डॉक्टरांनी मना केला होता, म्हणून माझी सगळी भटकंती सकाळी निघून संध्याकाळी परत अशीच झाली. ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना फोटो द्यावेत. यादी केली आहे. यादीत अकरा जणांच्या नावाच्या जागी 'माहीत नाही' लिहिले आहे. त्यांना शोधण्याचा मी प्रयत्न केला होता.

माझ्या मावशीने एकदा चारचौघांत म्हटले होते की पोरीच्या गळ्यात कॅमेरा पाहून आलेले स्थळ जिन्यावरूनच परत गेले. मावशीचे तिच्या साठीला काढलेले फोटो तिला द्यावेत. ते चांगले आले आहेत.

६. माझ्या मृत्यूनंतर हार घालायला माझा फोटो शोधाल तर सापडणार नाही, कारण कॅमेरा नेहमी माझ्याच हातात असे. एकच आहे. तीन वर्षांपूर्वी बारडोलीजवळ उसाच्या फडाच्या बांधावर सुकदेवभाऊंनी काढलेला. ते आमच्या दोन घरे पलीकडे राहायचे. मला धाप लागते म्हणून लांबच्या ठिकाणी मोटरसायकलवर तेच न्यायचे, आणि त्यांच्या पत्नी, मालतीवहिनी, मागून बसने डबा घेऊन यायच्या. फोटोत माझा अर्धा कान कापला गेला आहे आणि कोपऱ्यात त्यांचे बोट आले आहे. 'मशीन तर बरोबर धरलं व्हतं, तूच हाललीस,' असे त्यांनी मला ऐकवले होते. तोच फोटो लावावा. बोट काढून टाकू नये.

७. आता मुख्य गोष्ट.

गेल्या श्रावणात आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसली होती. सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. आईने चौरंगासह कानबाई डोक्यावर घेतली होती. मिरवणूक ज्या गल्लीने खाडीकडे जाते, तिथे एका डाइंग मिलचे मागचे गेट आहे. त्या सोमवारी खानदेशी कामगार पाळी सोडून मिरवणुकीत पळतात, म्हणून मिलवाले चिडतात. माझा धाकटा भाऊ हेमराज त्या मिलमध्ये गेट सुपरवायझर आहे. मी समोरच्या ओट्यावर चढून एक फोटो काढला. त्यात पुढे आई आहे, डोक्यावर कानबाई, आणि तिच्या मागे हेमराज गेटला कुलूप लावतो आहे. कपाळावर हळदीकुंकू, हातात किल्ली. नंतर तो किल्ली खिशात घालून आमच्याबरोबर खाडीकडे चालत निघाला. घरची कानबाई होती आणि आईनेच त्याला बोलावले होते.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मिलचा भोंगा झाला. कापड सुकवण्याच्या खात्यात आग लागली होती. बाकीचे पुढून निघाले. सुकदेवभाऊ याच मिलमध्ये कामाला होते आणि तेव्हा मागच्या बाजूला काम करत होते, ते मागच्या गेटकडे धावले. हेमराज पळत परत आला, त्याने कुलूप काढले, तेव्हा ते गेटच्या आतच पडलेले होते. नऊ पस्तीसला त्यांना बाहेर काढले. धुराने आधीच जीव गेला होता.

मालतीवहिनींनी नुकसानभरपाईचा अर्ज केला. मिलचे म्हणणे असे की गेट उघडेच होते. मी वहिनींना म्हटले, माझ्याकडे कुलपाचा फोटो आहे. पण तो देण्याआधी मी तो कापला. आई गेली, कानबाई गेली, हेमराज गेला. उरले गेट आणि कुलूप. मला वाटले, तेवढे पुरेल, आणि भाऊही वाचेल.

ते पुरले नाही. माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरून लावले होते. पाळी चुकू नये म्हणून वडिलांनी ते पंचवीस मिनिटे पुढे ठेवले होते, आणि त्यांच्या माघारी आम्ही ते तसेच ठेवले. घरात सगळे मनातल्या मनात पंचवीस वजा करतात. कॅमेऱ्याला ते सांगायचे माझ्या लक्षात आले नाही. फोटोवर वेळ उमटली नऊ बेचाळीस. खरी वेळ नऊ सतरा. मिलच्या वकिलाने एवढेच म्हटले की बेचाळीसला तर प्रेत बाहेर काढून झाले होते, गर्दी आत शिरू नये म्हणून नंतर कुलूप घातले. मला विचारले, घड्याळ चुकीचे असल्याचा पुरावा काय? पुरावा होता. मिरवणूक भोंग्याआधी तिथून गेली हे सगळ्या वस्तीला माहीत आहे, आणि पूर्ण फोटोत मिरवणूक आहे. मी म्हणाले, पुरावा नाही.

अर्ज फेटाळला गेला. मरणारा स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला, असे कागदावर आले. त्यानंतर महिन्याने हेमराजला मिलमध्ये कायम केले.

कुलूप हेमराजने लावले हे सांगू का, असे मी घरी आईला विचारले. ती चुलीपाशी बसली होती, मान वर न करता म्हणाली, "एक घरना माणूस गया. आते तू आपला घरना बी देशी का?" मी त्यानंतर तिला विचारले नाही. तिने मात्र दोनदा विचारले की कानबाईसोबतचा तिचा फोटो मोठा करून का देत नाहीस. मी तो बिघडला म्हणून सांगितले. तो मी आजवर काढलेल्यांपैकी सर्वांत चांगला फोटो आहे.

तरी माझी इच्छा अशी: कॅमेरा आणि त्यातले कार्ड, दोन्ही जसेच्या तसे मालतीबाई सुकदेव बागूल यांना द्यावेत. कॅमेऱ्याचे घड्याळ कोणीही दुरुस्त करू नये. ते आजही बरोबर पंचवीस मिनिटे पुढे आहे, हे कोणालाही पडताळून पाहता येईल. वहिनींनी अपील केले आहे, त्याची तारीख ९ फेब्रुवारी आहे. त्याआधी द्यावे.

८. हेमराजला मी काय देऊ हे मला ठरवता आले नाही. तो वाईट नाही. त्या दिवसापासून तो मिरवणुकीचा ढोल ऐकला तरी जेवत नाही. त्याने कुलूप वरच्यांच्या सांगण्यावरून लावले की आपल्या मनाने, हे मी त्याला विचारलेले नाही, म्हणून लिहीत नाही. वडिलांचे मनगटी घड्याळ त्याला द्यावे.

९. माझ्या दहाव्याला मिलच्या कोणाकडूनही मदत, शिधा किंवा गाडी घेऊ नये.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रूपाली शिरसाठ, माझी पेढीतली सहकारी, हिने करावी. तिने होकार दिला आहे. आईला आधी समजावून सांगावे, मग कॅमेरा न्यावा. उलट करू नये.

११. हे कलम वरचे सगळे लिहून झाल्यानंतर, दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

भावाच्या पाठीमागे त्याच्याविषयी लिहून ठेवणे मला योग्य वाटेना, म्हणून काल मी हे कागद हेमराजला वाचायला दिले. त्याने कलम सात दोनदा वाचले. खोटे आहे असे तो म्हणाला नाही. कुलूप कोणीही लावायला सांगितले नव्हते, पोरे पळतील म्हणून त्यानेच लावले, असे तो आपणहून बोलला. मग कागद नीट घडी घालून माझ्या हातात देत म्हणाला, "ताई, तू बरी व्हईसन उनी तं हाऊ कागद फाडी टाकशी ना?"

मी "टाकसू", फाडून टाकीन, म्हणाले.

रात्रभर मला तो शब्द छळत राहिला. मी मेले तर मालतीवहिनींना न्याय मिळण्याची आशा, आणि वाचले तर नाही, असा हा कागद मी लिहिला होता. हेमराजने माझे आयुष्य मागितले, त्यात काही गैर नाही. पण आम्ही दोघांनी मिळून वहिनींच्या वाट्याला माझे मरण ठेवले होते.

म्हणून कलम सात माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. आज दुपारी चार वाजता मी कॅमेरा आणि कार्ड घेऊन मालतीवहिनींकडे गेले आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले. पूर्ण फोटो पडद्यावर लावून दाखवला. मी कापला होता हेही सांगितले. त्यांनी हेमराजवर बोट ठेवले, मग आईवर, मग किल्लीवर. शेवटी कॅमेरा पदरात धरून म्हणाल्या, "पाच महिने तू माझ्याकडे चहा प्यायला येत होतीस."

मी हो म्हणाले. त्यांनी दार लावून घेतले.

आईला अजून सांगितलेले नाही. या सह्या झाल्या की घरी जाऊन मीच सांगणार आहे. कलम दहामधले शेवटचे वाक्य मी स्वतः मोडले आहे, त्याची नोंद घ्यावी. कलम सातमधली वस्तू आता माझ्या मालकीची नाही. बाकीची कलमे कायम आहेत.

वरील मजकूर मी वाचला, तो मीच लिहिला आहे, आणि खालील दोघांसमोर मी त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही.

(सही) उज्ज्वला योगराज सैंदाणे

साक्षीदार:

१. (सही) दत्तू काशिनाथ निकम, राहणार बमरोली, सुरत. मिरवणुकीत मी स्वतः होतो. ती भोंग्याआधी गेटसमोरून गेली.

२. (सही) मयुरी सुशांत अहिरे, परिचारिका, राहणार पांडेसरा, सुरत.

ठिकाण: सुरत
दिनांक: १६ जानेवारी २०२६, शुक्रवार
वेळ: सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, दत्तूभाऊंच्या मोबाइलप्रमाणे