कुटुंबप्रमुख

१२ जून, गुरुवार
सुटले! अकरा मिनिटांत. लग्नाला तीन दिवस लागले होते.

वकीलबाईंनी समजुतीच्या कागदात सगळं लिहून घेतलं – शिलाई मशीन माझं, पिकअप अंगदची, पोटगी एकरकमी, दागिने परत, कपाट त्याचं पण कपाटाचा आरसा माझा. चौदा कलमं! जज्जसाहेबांनी विचारलं, "काही राहिलं नाही ना?" दोघंही एकदम म्हणालो, नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा एकमत.

१९ जून
राहिलं होतं. गॅस!

सकाळी सातला अंगदचा फोन. "सविता, ओटीपी आला का?" कनेक्शन योजनेतलं, म्हणून बाईच्या नावावर. सिलेंडर त्याच्या स्वयंपाकघरात, नंबर माझ्या मोबाईलवर. म्हटलं, चौदा कलमं लिहिली तेव्हा का बोलला नाहीस? तर म्हणे, "तवा टाकी भरल्याली हुती."

दिला नंबर. आबांचा चहा अडायला नको. आबा माझे सासरे. म्हणजे होते. आता काय म्हणायचं ते कलमांत नाही.

३ जुलै
केडगावला एक खोली पाहिली आहे. स्वतंत्र नळ, मशीनपुरता उजेड. माहेरी अमृतदादा काही म्हणत नाही, पण वहिनी माझ्या ताटात भाकरी ठेवताना मोठ्याने मोजते. मला माझी चूल पाहिजे, बस.

तर खोलीवर गॅस घ्यायचा तर स्वतःचं रेशनकार्ड हवं, आणि त्यासाठी आधी सासरच्या कार्डातून नाव कमी करायला हवं. गेले पुरवठा ऑफिसात. तिथल्या भागवत भाऊसाहेबांनी आधी कोर्टाचा कागद परत दिला. कार्डावर जिल्हा अहमदनगर, निकालावर अहिल्यानगर! "जिल्हा जुळत नाही ताई." म्हटलं, जिल्ह्याचं नाव बदललं, मी तीच आहे. त्यांनी वर फोन करून खात्री केली.

मग कार्ड उघडलं. "कुटुंबप्रमुख कोण?"

मीच की. सासूबाई गेल्यावर घरातली मोठी बाई म्हणून माझं नाव लागलं होतं.

"मग तुम्ही कशा जाल? प्रमुख जात नसतो. सदस्य जातात."

संसारात पाणी विचारायला कुणी नव्हतं, आणि घटस्फोटानंतर मी प्रमुख!

११ जुलै
गावी जाऊन आले. अंगठा द्यायला.

रेशन दुकानदार कानिफनाथचा फोन होता – "वहिनी, तुमच्या अंगठ्याबगर मशीन धान्य देईना." अंगद पिकअप घेऊन चाकणला, महिना-महिना येत नाही. आबांच्या बोटांवरच्या रेषा शेतात पाण्याची दारं धरून आणि दगड रचून कधीच पुसल्या आहेत. दहाही बोटं लावून झाली, मशीन म्हणतं असा माणूसच नाही. मी अंगठा टेकवला. टिंग!

एसटीचं भाडं गव्हापेक्षा महाग.

आबांनी चहा केला, साखर विसरले. मी तसाच प्यायले. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी. निघताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात कवा येशील?" घटस्फोटित सुनेला! परतीच्या गाडीत भारी वाईट वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

१२ जुलै
गावात बोभाटा – सविता नांदायला परत आली.

११ ऑगस्ट
अंगद पेढे घेऊन दादाच्या दारात. लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर. मुलगी चाकणचीच, रोहिणी नाव. आनंद आहे, पण पेढे मला का?

"नाव चढवायला तीन-तीन महिने लागत्यात. आत्ताच अर्जावर तुजी सही घेऊन ठिवतो. कुटुंबप्रमुखाची लागतीय."

म्हणजे माझ्या जागी येणारीला घरात घ्यायची परवानगी मी द्यायची! वहिनी तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी विचारलं, आणि आबा? म्हणे, चाकणला एकच खोली हाय, आबा गावीच बरे. पेढा खाल्ला. सही केली नाही.

२१ ऑगस्ट
शेवटी भागवत भाऊसाहेबांनीच वाट काढली. मी जायचं नाही, अंगदने जायचं! तो चाकणला विभक्त कार्ड काढेल, लग्नानंतर रोहिणी तिथली प्रमुख. हे कार्ड माझं, फक्त पत्ता केडगावचा. गॅसही तिकडे वळेल. इतकं सोपं होतं!

आम्ही दोघं सह्या करत होतो. अंगदबरोबर आलेले आबा बाकड्यावरून उठून आले.

"चौदा कलमं केली म्हनं. आरसा कुनाचा ते बी लिवलं. मी कुनाच्या वाट्याला, ते कुनी इचारलंच न्हाई."

अंगद खाली बघायला लागला. मीही. लाज वाटली, खोटं का लिहू? मशीनवरून आणि कपाटावरून भांडले, आबांचं एक अक्षर नाही. भाऊसाहेब पेन धरून थांबलेले – आजोबा, कुणाबरोबर नाव ठेवायचं?

"जिचा अंगठा उठतोय तिच्यासंगं."

मी घाईने म्हणाले, आबा, खोली लहान आहे. तर म्हणे, "मी बी काय लई मोठा न्हाई."

हो म्हणाले नाही. नाहीही म्हणवेना. भाऊसाहेबांनी तेवढ्यात लिहूनही टाकलं.

८ सप्टेंबर
कार्ड आलं. दोन नावं. प्रमुख मी. आबासाहेबांपुढे नात्याच्या रकान्यात – वडील. भाऊसाहेब म्हणाले, कॉम्प्युटरात माजी सासरे नाहीत. म्हणजे सरकारदरबारी अंगद आता माझा भाऊ!

संध्याकाळी आबा केडगावच्या खोलीवर आले. पिशवीत दोन धोतरं, आणि काखेत पेपरात गुंडाळलेला माझा आरसा – आणायचा राहिलाच होता. घरमालकीण डोकावली, कोण आलंय?

माझे वडील, म्हटलं. आत जाऊन चहा टाकला. साखर मी घातली.