पिंपळाच्या वाटणीचं पाणी

नांदुरा,
रविवार, दुपार

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम. हे पत्र तुला कामरान आणून देईल. आपल्या घरमालकांचा, शकूर चाचांचा धाकटा. शिकायला तुझ्याच गावाजवळ येतोय म्हणे. त्याला बजावलंय की पत्र प्रसेनच्या हातातच द्यायचं आणि त्याने फोडल्याशिवाय उठायचं नाही. तेव्हा त्याला चहा पाज, ताटकळत ठेवू नकोस. पोरगा लाजाळू आहे, मागून घेणार नाही. इतका खटाटोप कशाला, फोन नाही का, असं तू म्हणशील. फोन आहे, पण तू तो उचलत नाहीस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. मी दिवसभर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून अख्ख्या तालुक्याला गाड्या सांगते आणि तालुका मुकाट्याने ऐकतो. न ऐकणारा माणूस घरातच निघाला. शिवाय आपल्या या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते बाबांना ऐकू जायला नको आहे.

तुझा राग मला कळतो. बाबा त्या दिवशी फोनवर तुला जे बोलले ते मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. "मले तुह्या गांज्याच्या कमाईवर पोसलेली किडनी नोको." एवढंच बोलले, फोन पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आई म्हणाली, "असं काऊन बोल्ले हो लेकराले?" तू डिसेंबरात इतक्या लांबून आलास, अकोल्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्यास, हात टोचून टोचून काळानिळा झाला तरी हसत होतास. माझी शुगर निघाली, आईचं वय झालं, म्हणजे किडनी द्यायला उरला होतास तू एकटा. तू सुट्टी मागून ठेवली होतीस, तिकीट बघत होतास, आणि त्यावर बापाचं हे उत्तर. तुझ्या जागी मी असते तर मीही फोन उचलला नसता. आठ दिवस नसता उचलला. तू तर होळी काढलीस, जयंतीही काढलीस. चौदा एप्रिलला बाबांनी पांढरा सदरा घातला, फोन उशाशी ठेवला आणि संध्याकाळी सदरा काढून घडी करून परत ठेवला.

तुझ्या कामावरून त्यांनी आधी किती तमाशा केला होता ते मी विसरले नाही. तू कॅनडात औषधी वनस्पतींच्या कंपनीत आहेस, असं ते गावात छाती फुगवून सांगत होते. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला आणि विहारासमोर बसलेल्यांतला एक जण म्हणाला, "दयारामचा पोरगा तं गांजा पिकवून राह्यला बे!" तेव्हा त्यांनी तुला फोनवर काय काय सुनावलं! तू शांतपणे सांगत राहिलास की तिथे सरकारचा परवाना आहे, दुखण्याने तळमळणाऱ्या लोकांसाठी त्याचं औषध बनतं, आणि तू तर पानालाही हात लावत नाहीस, तू फक्त पाणी बघतोस. त्या 'फक्त पाण्या'वर ते जरा थबकले होते. कारण पाणी हा आपल्या बाबांचा विषय. जन्मभर गवंडीकाम केलं, पण स्लॅबच्या दिवशी आपल्या गावच्या बोअरचं पाणी मालात पडू दिलं नाही. खारं पाणी सळई खातं, भिंतीला लोणा आणतं, खाराची पांढरी खपली. घरमालक कितीही कुरकुरला तरी सोनाळ्याकडचा गोड पाण्याचा टँकर आल्याशिवाय ते थापीला हात लावायचे नाहीत. लोकांच्या घरांना गोड पाणी पाजणारा हा माणूस दुपारी त्याच अंगणात बसून बोअरचं पाणी घटाघटा प्यायचा. आम्हीही तेच प्यालो. तूही तेच पिऊन मोठा झालास. गावात सगळेच पीत होते. जीभ इतकी सरावली होती की मामाच्या गावचं पाणी आपल्याला फिकं लागायचं, आठवतं?

डिसेंबरात तू आलास तेव्हा बाबांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं आणि आई-बाबा अजून गावातच होते. तू चप्पल काढलीस आणि पहिल्यांदा काय बघितलंस, तर ओट्यावरची ती रंगाची रिकामी बादली आणि तिच्यातला पिंपळ. विहाराच्या कंपाउंडची भिंत झाली की समोर लावायचा म्हणून बाबांनी तो आणून ठेवलेला. भिंतीची वर्गणी जमते, कमिटी भांडते, वर्गणी परत जाते, आणि पिंपळ आपला बादलीत. पानांची टोकं जळून तपकिरी झालेली. आई म्हणायची ऊन लागलं, बाबा म्हणायचे खत कमी पडलं, आणि दोघंही आपापल्या परीने त्याच्यावर उपचार करत होती. तू बादलीच्या काठावरची पांढरी खपली नखाने काढलीस आणि बाबांना दाखवलीस. ते लगेच म्हणाले, "हा तं लोणा हाय." तुला इतका आनंद झाला होता, प्रसेन! तू खाली मांडी घालून बसलास आणि त्यांना तुझी अख्खी नोकरी समजावून सांगितलीस. जमिनीतल्या झाडाचा खार पावसाबरोबर खाली उतरून जातो, कुंडीतल्या झाडाला तशी वाटच नसते, रोजच्या पाण्यातला थोडा थोडा खार मुळांपाशीच साचत राहतो. वरून खत टाकलं तर तेही खारच. म्हणून आधी पाणी मोजायचं, मग गोड पाणी भरपूर घालायचं, ते बुडाच्या भोकातून निथळून बाहेर आलं पाहिजे, आणि निथळलेलंही पुन्हा मोजायचं. ताटलीत साचू द्यायचं नाही, नाहीतर झाड तेच परत पितं. तुमच्याकडे मशीनमधून काढलेलं पाणी इतकं रितं असतं की त्यात थोडं कॅल्शियम परत मिसळावं लागतं, हे ऐकून बाबा हसले होते. "झाडाचे लय लाड करता बे तुम्ही," म्हणाले. दोन वर्षांत तुमच्या दोघांचं इतकं बोलणं मी पहिल्यांदा बघत होते.

त्या दिवशीची दुसरीही एक गोष्ट मी बघितली, हे तुला माहीत नाही. तू खिशातलं ते खार मोजायचं पेनासारखं मीटर काढून बोअरच्या पाण्यात बुडवलंस, आकडा बघून मान हलवलीस. मग आईच्या पातेल्यात बुडवलंस. तुला आठवतं, बाबांचे पाय सुजायला लागल्यापासून आई पाणी उकळायची. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं, पाणी उकळून द्या. आणि आपली आई कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही. ती काढ्यासारखं आटवायची, पातेलं निम्मं होईपर्यंत. एवढं सरपण जाळून, डोळे चुरचुरेपर्यंत धुरात बसून, ते पाणी गाळून त्यांच्या तांब्यात भरायची. उकळून जंतू मरतात, पण खार कुठे जाणार? पाणी उडून जातं आणि खार तेवढाच राहतो. पातेल्यातला आकडा बोअरपेक्षाही वर गेलेला मी तुझ्या खांद्यामागून वाचला. आईने विचारलं, "चांगलं हाय ना रे पाणी?" तू म्हणालास, "चांगलं हाय, आई. पन आता तुमी नांदुऱ्याले चाला, ताईजवळ." मीटर शर्टाला पुसलंस आणि खिशात ठेवलंस. तिला आजही माहीत नाही. मी तिला कधी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. तुला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला कळलं होतं, आणि पुढचं सगळं वाचताना तेवढी गोष्ट तू लक्षात ठेव.

इथलं सांगते. चाचांनी वरच्या दोन्ही खोल्या दिल्या, कॅनचं पाणी येतं, बाबांना डायलिसिससाठी खामगावला न्यायला-आणायला सोय आहे. स्टँडवरचे लोक सांभाळून घेतात, त्यांना पुढची सीट ठेवतात. पण बाबा खूप खचलेत, प्रसेन. ज्या हाताने ते विटेचे एका फटक्यात दोन तुकडे करायचे, त्या हाताला आता सुई टोचायला जागा सापडत नाही. मशीनवरून आले की संध्याकाळपर्यंत पडून असतात. सगळ्यात हाल पाण्याचे. डॉक्टरांनी दिवसाला एकच तांब्या दिलाय, चहा-वरण सगळं धरून. नांदुऱ्याचा हा मे महिना, पत्रे तापलेले, आणि एक तांब्या! ते बर्फाचा खडा गालात धरून बसतात. आई बिचारी त्यांच्यासमोर पाणी पीत नाही, दाराआड जाऊन पिते. मी येते तेव्हा घशाला कोरड पडलेली असते तरी आधी चाचांकडे जाऊन पिऊन वर येते.

तो पिंपळ आम्ही बादलीसकट आणलाय. बाबांनी ऐकलंच नाही, सोडून जायला. मागच्या आठवड्यात मी लवकर घरी आले तर बाबा गॅलरीत उकिडवे बसलेले. हातात त्यांचा तांब्या. वाटीने मोजून त्यातलं पाणी ते बादलीत घालत होते आणि वाकून भोकाकडे बघत होते. एवढ्या वाटीभर पाण्याने काय निथळणार! मी भडकलेच. कॅन भरलेला आहे, पिंपळाला त्यातलं हवं तेवढं घालते, तुम्ही तुमच्या वाट्याचं कशाला घालता, म्हटलं. तर म्हणाले, "तुह्या कॅनातलं तू घाल. हे माह्या वाटचं हाय. त्याले गोड पानी लागते, प्रसेन सांगून गेला." मग एक पान वळवून मला दाखवलं. नवं, तांबूस, कोवळं. टोक जराही जळलेलं नाही. "त्याले सांगशीन," म्हणाले, आणि लगेच, "नोको. राहू दे." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. काय करू, तिथेच जागा असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू परत गेल्यावर तुझे रिपोर्ट आले. नंबर माझा दिला होता म्हणून बोलावणं मला आलं, आणि मी बाबांना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तुमचा मुलगा किडनी देऊ शकत नाही. तुझ्या लघवीतून प्रथिनं जातायत, क्रिएटिनिन वाढलेलं आहे. बाबांचं सुरू झालं तसंच तुझं सुरू झालंय, प्रसेन. पाण्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाले. पण आता कळलंय, वेळेवर उपचार घेतले तर पुढची कित्येक वर्षं सांभाळता येईल. बाबांनी ऐकून घेतलं. बाहेर येऊन बाकावर बसले. मग म्हणाले, "त्याले नोको सांगू. काम टाकून धावत येईन अन् माह्या उशाशी बसून सोताचं मन खाईन. अगोदर मले जाऊ दे." मी शब्द दिला नव्हता, नुसती मान हलवली होती. तू तिकिटाचं बोललास तेव्हा तुला थांबवायला त्यांना दुसरं काही सुचलं नाही, म्हणून ते गांजाचं बोलले. तुला सगळ्यात जास्त कशाने लागेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि तुझा राग त्यांना परवडत होता. मला आता ते परवडत नाही. डॉक्टरांनी परवा मला बाजूला बोलावून सांगितलं की बाबांचं हृदय थकलंय, पावसाळा निघेल असं ते म्हणत नाहीत. त्यांच्या जाण्याची वाट बघत तुझ्यापासून तुझं दुखणं लपवून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. रिपोर्टांच्या प्रती याच पाकिटात आहेत. उद्याच्या उद्या तिथल्या डॉक्टरला दाखव. हजार कुंड्यांचं पाणी मोजतोस, एकदा स्वतःचं मोजून घे. आणि आज, कामरान उठून गेला की, बाबांना फोन लाव. मी सांगितलं असं म्हणू नकोस, किडनीचं काढू नकोस, रिपोर्टचं काढू नकोस. आईला 'चांगलं हाय' म्हणालास तसं त्यांच्याशी बोल. पिंपळाला नवं पान आलं का, एवढंच विचार. ते सांगतील. बराच वेळ सांगतील, मधेच कापू नकोस.

तुझीच,
ताई
(धम्मशीला)