खांद्यावरचं जेल

आयुष्मन् बंधो,

संस्कृतात हाक मारली की तू हसतोस. आज मलाच हसू येत नाहीये.

आमच्या शिक्षकखोलीत हल्ली पन्नाशीच्या पुरुषांनी गुडघेदुखीचा विषय सोडलाय. जो तो आपला टेस्टोस्टेरॉनचा, त्या पुरुषी हार्मोनचा, आकडा सांगतो. तो वाढवायला कुणी इंजेक्शन घेतो, कुणी जेल लावतो. तूही खांद्यांना जेल चोपडतोस हे फक्त मला सांगितलंस, तेव्हा मी ‘यौवनप्राप्तिरस्तु’ म्हणून आशीर्वाद दिला होता.

आज तुझ्या तीन वर्षांच्या लेकीला अंघोळ घालताना तिच्या काखेत केस दिसले. गालावर मुरमंही आहेत. विज्ञानाच्या बाईंना फोन केला, तर त्यांनी पहिलंच विचारलं, “घरात कुणी जेल लावतं का? उघड्या अंगाला बिलगलं की ते मुलांच्या अंगात उतरतं. आधी डॉक्टर गाठा.”

ती तुझ्या उघड्या खांद्यावर गाल टेकल्याशिवाय झोपत नाही रे.

डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. तू आणि वहिनी आत्ता तिला न्यायला याल. हे पत्र द्यायचं नाहीये, ही नुसती रंगीत तालीम आहे. तुला पाहिलं की ती दोन्ही हात वर करून धावेल. तेव्हा मला तुमच्यामध्ये उभं राहायचंय, आणि वहिनीसमोर म्हणायचंय, “उचलू नकोस तिला.”

शब्दांची कधी वाण न पडलेली,
तुझी ताई