आबांचं ‘सोडव’

प्रिय कृष्णात,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मेलवर लिहून पाठवतेय. सकाळपासून बसते, उठते, गॅलरीत जाऊन राजारामपुरीतल्या क्लासच्या पोरांची गर्दी बघते, परत बसते. चहा तसाच निवला. आधी माझ्या कादंबरीचं सांगते, म्हणजे हात तरी चालेल.

तू पुण्यात त्या जपानी कंपनीत लागलास, तिकडच्या जुन्या लढायांच्या गोष्टी मला सांगायला लागलास, आणि त्यातूनच माझा हिराता जन्मला. दीडशे वर्षांपूर्वीचा सामुराई, एका लहानशा सरदाराचा रणनीतिकार. उभं आयुष्य त्याने किल्ला कसा राखायचा याचे आराखडे आखले. आता शत्रूच्या नव्या तोफा समोरच्या टेकडीवर चढल्यात, आणि त्यालाच मालकापुढे बसून म्हणायचंय की दरवाजे उघडा. त्याचा मुलगा बाहेर तलवार घेऊन उभा आहे, बापाला भेकड म्हणतोय. इथेच मी अडकलेय. हिराता शहाणा आहे की नुसता थकलाय, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

आबांना मी पानं वाचून दाखवते. उशीला टेकून, पोटावर हात ठेवून ऐकतात. नाव जिभेवर बसत नाही, म्हणून हिराताला ते ‘पावणं’ म्हणतात. हा प्रसंग ऐकून म्हणाले, “ह्यो पावणा पंच हाय की गं! कुस्ती कुठं सोडवायची त्ये कळतंय त्याला.” त्यांचं करायला येते ती बनाबाई म्हणाली, “म्हंजे जपानात बी तुमचीच माणसं व्हय आबा?” इतके हसले की ठसका लागला. तुला आठवतं ना, कुस्तीच्या मैदानात आबा पंच असायचे ते? दोन तोडीचे पैलवान कितीही झटले तरी निकाल लागेना, की आबा मध्ये जाऊन दोघांचे हात वर करायचे. कुस्ती बरोबरीत सोडवली. लोक शिट्ट्या मारायचे, “निकाल लावा की!” म्हणून ओरडायचे. आबा ढिम्म.

रविवारी फोनवर ते तुला म्हणाले, “कृष्णा, आता सोडव की रं.” मी शेजारीच होते. तुला वाटलं बाप सुटका मागतोय, त्याला वाचवायचंय. तू लगेच तिकडचं हॉस्पिटल ठरवलंस, ऑपरेशनची तारीख घेतलीस, गाडी पाठवतो म्हणालास. तुझा आवाज इतका रडवेला होता की ‘त्यांना ते नाही म्हणायचंय’ हे सांगणं मी टाळलं.

आणि माझी तरी कुठे खात्री होती? वाटलं, तूच बरोबर असशील. रोजच्या उलट्या आणि औषधं बघून थकलेय ती मी, आणि माझं थकणं आबांच्या तोंडी घालतेय. म्हणून सोमवारी त्यांना सरळ विचारलं. चिडलेच. “पोराला जपानी येतंय आन् बापाचं कोल्हापुरी इसारलं? कुस्ती सोडव म्हनलं म्या. कापाकापी नगं.” मग कूस बदलत म्हणाले, “त्याला सांग, हरलो न्हाय मी.” ऑपरेशननंतरही दुखणं उलटणार, हे डॉक्टरांनी तुला आणि मला, दोघांनाही सांगितलंय. ते ऐकूनही तू लढतोयस. मी लांब असते तर मीही कदाचित हेच केलं असतं.

कृष्णा, आज सकाळी गाडी दारात आली. मी ती रिकामी परत पाठवली. ती पुण्यात पोचायच्या आत हे तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून ही सगळी धडपड. तुला माझा राग येईल. उद्या कदाचित मलाही वाटेल की चुकले. पण तो राग फोनवर काढू नकोस. आजच निघ. इथे आबांच्या पलंगाशी बसून माझ्याशी हवं तेवढं भांड. त्यांना तुझा आवाज जवळून ऐकू दे.

तुझीच,
आक्का